वाघदऱ्याच्या दगडावरची नावं

चिखली,
२९ जून १९७०

ती. शेषरावकाकांना प्रतिमाचा नमस्कार.

हस्ताक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते. मी भालचंद्र मास्तरांची मुलगी. वाघदऱ्याच्या शाळेवर बाबा होते तेव्हा तुमच्या पडवीतल्या खोलीत आम्ही सात वर्षं राहिलो. मी चार वर्षांची आले आणि अकरा वर्षांची होऊन निघाले. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारपणातही ते तुमच्या विहिरीच्या पाण्याची आठवण काढत.

मी आता इथे मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. पुस्तकातला इतिहास मुली पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. म्हणून यंदा हेडबाईंच्या मागे लागून एक उपक्रम मंजूर करून घेतला आहे. नववीच्या चाळीस मुलींना घेऊन जिल्ह्यातली जुनी ठिकाणं पाहायची. जुलैत सिंदखेडराजा आणि लोणार, आणि पंधरा ऑगस्टला वाघदरा.

वाघदराच का, हे तुम्हाला सांगायला नको. जंगल सत्याग्रहाला यंदा चाळीस वर्षं होतात. माळावर जिथे गवत कापलं तिथे ग्रामपंचायत आणि आमची शाळा मिळून स्मारकाचा दगड उभारणार आहोत. सरपंच भाऊरावांनी नावांची यादी पाठवली, तिच्यात पहिलं नाव तुमच्या थोरल्या भावाचं, उत्तमरावांचं आहे. मी लहान असताना त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलल्याचं आठवत नाही. गीताकाकूंचं कपाळ मोकळं असायचं, तेवढंच आठवतं. भाऊराव म्हणतात, तुरुंगात त्यांचे फार हाल झाले आणि त्यातच ते गेले. तसं असेल तर नावामागे ‘हुतात्मा’ लिहावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

काका, त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं ते मला लिहून कळवाल का? मुलींना तिथे नेण्याआधी वाचून दाखवीन. गीताकाकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
प्रतिमा

---

वाघदरा, उंद्रीजवळ,
६ जुलै १९७०

चि. प्रतिमा,

तुले शेषरावकाकाचा अन् वहिनीचा आशीर्वाद. तुह्यं पत्र पोस्टमननं उंद्रीहून आणून देल्लं अन् विचारे, काका, हे चिखलीची बाई कोण? म्या म्हटलं, आमच्या घरचीच हाये. मास्तर गेल्याचं आयकलं होतं, पण येणं झालं नाही. ते मनाले लागून राह्यलं.

गीतावहिनीले पत्र वाचून दाखवलं. तिले आता डोळ्यानं कमी दिसते, पण याद पक्की हाये. म्हणे, तेच का हे पोरगी, जे गुळाचा खडा घेऊन कडब्याच्या गंजीवर जाऊन बसे?

मी चवथी पास. जसा बोलतो तसाच लिहितो, हसू नको.

श्रावण होता. सरकारनं आपला माळ राखीव करून टाकला होता. गवताची काडी उचलली त गार्ड बैलं कोंडवाड्यात घाले. चिखलीहून पुढारी आले, पारावर भाषण झालं. लोकं म्हणत अंधारात कापून आणू. दादा म्हणे, चोरून नाही कापाचं, सांगून कापू. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव निंघालं. दादा अठ्ठावीसचा, मी अठराचा, माह्यं नुकतंच लगन झालेलं. बापानं मले सांगतलं, तू पुढं जाऊ नको, बैलं धर. म्हणून मी खाली नाल्यात बैलं धरून उभा. वरतं गवत कमरेइतकं. तोंडं दिसत नव्हती, पांढऱ्या टोप्या अन् लुगड्यायचे रंग तेवढे दिसत. दादानं बांध चढून पह्यला इळा मारला, अन् जयजयकार झाला तो मले खालून आयकू आला. त्याच्या बाजूले कडूबा होता, दादाचा जिवाचा दोस्त.

मंग पोलिस आले. काठ्या चालल्या. अकरा माणसं धरून नेली. दादा माह्यापासून हातभरावरून गेला. कानामागून रगत वाहत होतं. मले म्हणे, बैलं पाणी पेले का?

सहा सहा महिन्यांचा जेल झाला. पुढचं काय सांगू. दादा गेला त्याले लय वर्सं झाली. नाव टाकता त बारीक अक्षरात टाका, सगळ्यात खाली टाका. पह्यलं नाव कडूबाचं टाका. हुतात्मा गितात्मा लिहू नका. आमच्या घरी तसं कोणी नाही.

तुह्या काका,
शेषराव

---

चिखली,
१९ जुलै १९७०

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र वर्गात वाचलं. ‘बैलं पाणी पेले का’ म्हटल्यावर आधी मुली हसल्या आणि मग एकीनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. माझ्या महिनाभराच्या शिकवण्यानं जे झालं नव्हतं, ते तुमच्या एका वाक्यानं झालं.

सिंदखेडला आणि लोणारला जाऊन आलो. लोणारला जाताना सुलतानपूरला एसटी बंद पडली. दोन तास मुली चिंचेखाली बसून गाण्याच्या भेंड्या खेळल्या. सरोवराचं पाणी हाताला लावून सगळ्यांनी नाकं मुरडली. पण खरी गंमत सिंदखेडला झाली. राजवाड्यात मी जिजाऊंच्या जन्माचं सांगत होते, तर पुष्पा नावाची मुलगी उभी राहून म्हणते, “बाई, याच जागी कशावरून?” मी म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगत आले आहेत. तर म्हणे, “लोक तर काहीही सांगतात.” मी तिला दटावलं. पण परतीच्या गाडीत वाटलं, दटावायला नको होतं. इतिहासाच्या तासाला हाच प्रश्न विचारायचा असतो.

म्हणून आता वाघदऱ्याच्या बाबतीत मी सगळं नीट तपासून घेणार आहे. काका, तुम्ही संकोचानं नाव खाली टाका म्हणता हे मला कळतं. स्वतःच्या घराचा मोठेपणा सांगायला माणसाला अवघड जातं. पण ज्या माणसानं पहिला विळा मारला आणि तुरुंगात प्राण ठेवला, त्याचं नाव वर नाही तर कुणाचं असणार? देऊळगावहून पाथरवट आला आहे. वरची ओळ कोरून झाली, ‘जंगल सत्याग्रह १९३०’ अशी. नावं कोरायची आहेत. उत्तमरावांच्या मृत्यूची तारीख तेवढी कळवा. निदान महिना आणि साल.

तुमची,
प्रतिमा

---

वाघदरा,
२५ जुलै १९७०

चि. प्रतिमास आशीर्वाद.

घाईत लिहितो. इकडं पाऊस लय झाला. नाल्याले पूर हाये, उंद्रीचा रस्ता बंद हाये. पोरीबाळी घेऊन येणं धोक्याचं. यंदा राहू द्या. दगड लागला त चिखलीतच लावा, तिथं लोकं बी जास्त पाह्यतीन. तारीख मले याद नाही.

शेषराव

---

चिखली,
३१ जुलै १९७०

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी स्टँडवर जाऊन उंद्रीच्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, “बाई, नाल्याले पूर? माह्या घोट्याइतकं पाणी नाही.” तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. मी येऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं मोकळेपणी लिहिलं असतं तरी चाललं असतं.

पण आज मी रागावून लिहीत नाही. काल वर्गात एक गोष्ट झाली ती तुम्हाला सांगायला हवी. मी उत्तमरावांचं सांगत होते. तुरुंगात कसे खंगले, कसे गेले. भाऊरावांकडून कळलं होतं तेवढंच. ती पुष्पा पुन्हा उभी राहिली. म्हणाली, “बाई, माझी आजी वाघदऱ्याचीच आहे. कडूबांची बायको, अंबूबाई. ती सांगते की माझ्या आईच्या लग्नात सगळ्या पंगतींना उत्तमरावबाबांनी वाढलं.” मी विचारलं, तुझ्या आईचं लग्न कधी झालं? म्हणाली, एक्केचाळीस साली.

वर्गात चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “मी विचारून सांगते.” दुसरं काय म्हणणार?

काका, मी हे अजून भाऊरावांना सांगितलेलं नाही आणि तुमचं उत्तर येईपर्यंत सांगणारही नाही. पाथरवटाला थांबवलं आहे. उत्तमराव कधी गेले, कसे गेले? जे असेल ते लिहा. मी तुमच्या पडवीत वाढलेली मुलगी आहे. तुमच्या घराला कमीपणा यावा असं माझ्या हातून होणार नाही.

प्रतिमा

---

वाघदरा,
४ ऑगस्ट १९७०

चि. प्रतिमा,

पुराचं खोटं लिहिलं. माफ कर. माह्या हातून पत्रात खोटं लिहिल्या जाणं हे काही पह्यल्यांदा झालं नाही. तेच आता सांगतो.

दादा जेलात गेला त्याले महिना झाला होता. घरी कापसाले निंदण आलेलं. बाप थकलेला, वहिनीच्या वटीत सहा महिन्यांचं अंगावरचं पोर, ते पुढं वारलं. घरात लिहिता येणारा मी एकटा. बाप म्हणे, शेष्या, दादाले लिही का घरी अडचण हाये, सुटून येता आलं त ये. तेवढंच म्हणे. बाकीचं म्या लिहिलं. का माय बिमार हाये, अन्न सोडलं, आज जाते का उद्या जाते असं झालं, तुह्या वाटेकडं डोळे लावून बसली. मायले काही झालं नव्हतं. माय चूल फुकत होती अन् मी तिच्यासमोर बसून हे लिहीत होतो. बापाले वाचून दाखवलं ते वेगळं वाचलं.

काऊन लिहिलं विचारशील. मी अठरा वर्सांचा, सगळं वावर माह्यावर आलेलं, मले भेव वाटत होतं. दादा असला का मले भेव नाही वाटे. येवढंच.

पाचव्या दिवशी दादा आला. जेलात माफीनामा लिहून द्या लागे, पुन्हा असं करणार नाही म्हणून, मंग सोडत. तो देऊन आला. मी गोठ्यात होतो. माय अंगणात सुपात तूर निवडून राह्यली होती. दादा दरवाज्यात उभा राह्यला. मायकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. म्हणे, “बरी हायेस ना, माय?” माय म्हणे, “मले काय झालं?” मंग त्यानं हातपाय धुतले अन् जेवला. त्या पत्राचं मले एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढं तेरा वर्सं बी नाही. बाकी सगळं बोले, पण ते कधीच नाही.

बाकीचे दहा पुरे सहा महिने काढून आले. गावानं वाजतगाजत आणले, हारतुरे केले. दादा मागं भिंतीले टेकून उभा होता. कडूबा आला तो छाती घेऊनच आला, खोकला काही गेला नाही. दोन वर्सांत वारला. दादानं कडूबाच्या वावरात पह्यली नांगरट करावी, मंग आपल्या. अंबूबाईचं सगळं पेरणं, कापणं त्यानं केलं, मरेलोक. त्रेचाळीसच्या भादव्यात तापानं गेला. आपल्या घरी, आपल्या खाटेवर. गावात तवाची जुनी माणसं आता चार राह्यली असतीन, ते बोलत नाहीत. भाऊराव तवा पाळण्यात होता, त्याले कोणं काय सांगतलं देव जाणे.

त दादा हुतात्मा नाही. अन् तो माफी मागणारा बी नव्हता, त्याले म्या मागायला लावली. सांगून कापू म्हणणाऱ्या माणसाले म्या फसवून घरी आणलं. आमचं नाव दगडावरून काढून टाक बेटा. हे वहिनीले बी ठाव नाही. कोणालेच नाही.

शेषराव

---

चिखली,
७ ऑगस्ट १९७०

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग जपून ठेवून दिलं. ते कोणी पाहणार नाही.

काल ग्रामपंचायतीची माणसं शाळेत आली होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की उत्तमराव त्रेचाळीस साली घरी आजारानं वारले. भाऊराव म्हणाले, “बाई, पत्रकं छापून झाली. चाळीस वर्षांनी कोण तपासायला येते?” मी म्हटलं, “नववीतली एक मुलगी आली ना.” ते हसले नाहीत, पण हेडबाई हसल्या. पुष्कळ बोलणं झालं. एकजण म्हणाले, मग नाव गाळा. मला तेही पटेना. काका, गवत तर त्यांनी कापलं ना? कानामागून रक्त तर आलं ना? पुढे काय झालं म्हणून आधीचं घडलंच नाही, असं कसं म्हणायचं?

शेवटी मी असं सुचवलं. दगडावर हुतात्मा नको, शिक्षा नको, महिने नकोत. फक्त ‘या माळावर ज्यांनी गवत कापलं’ आणि खाली नावं. तसं केलं की एक गोष्ट आपोआप होते. अटक झाली ते अकराच पुरुष यादीत आहेत. पण तुम्ही लिहिलंत की लुगड्यांचे रंग दिसत होते. त्या बायका कुठे गेल्या? त्यांना कुणी पकडलं नाही म्हणून त्यांची नावं कुठल्याच कागदावर आली नाहीत. भाऊरावांनी डोकं खाजवलं आणि हो म्हणाले.

आता दोन कामं तुमच्याकडे. अंबूबाईंकडे जाऊन बायकांची नावं विचारून घ्या. पाथरवट मंगळवारपर्यंत थांबायला तयार आहे. दुसरं, पंधरा तारखेला मुलींना दोन शब्द सांगा. काय सांगायचं आणि काय नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही अठरा वर्षांचे होतात, काका. माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठे.

तुमची,
प्रतिमा

---

वाघदरा,
१० ऑगस्ट १९७०

चि. प्रतिमा,

अंबूबाईकडं गेलो. नावं यासोबत वेगळ्या कागदावर लिहिली, नऊ बाया निंघाल्या. हे पत्र भाऊरावच्या माणसाबरोबर हातोहात धाडतो, म्हणजे पाथरवटाले उशीर नको.

नावं झाली अन् मी उठलो, मंग पुन्हा बसलो. म्हटलं, इथलोक आलोच त सांगून टाकू. कडूबा जेलात राह्यला, झिजला, अन् दादा सुटून आला, ते माह्या पत्रानं. तिचा बी गुन्हेगार मीच ना. सगळं सांगतलं. ती शेंगा फोडून राह्यली होती. हात थांबला नाही तिचा. मंग म्हणे, “शेषराव, तुह्यं पत्र केव्हा गेलं होतं?”

म्या म्हटलं, पोळा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी.

म्हणे, “उत्तमरावनं पोळ्याच्या आधीच अंगठ्याची सही करून टाकली होती. जेलातून सुटाले कागदपत्रायले दिवस लागत. तुह्यं पत्र पोचलं तवा सही होऊन आठ दिवस झाले होते.”

मले आधी उमगेच ना. मंग तिनं सांगतलं. हे तिले कडूबानं सुटून आल्यावर सांगतलेलं. दादाले जेल सोसला नाही. चक्की ओढे, हाताले फोडं, अन् बंद खोलीत त्याचा जीव घाबरे. भिंतीले डोकं लावून रडे. उघड्या माळावरचा माणूस तो. कडूबाच म्हणे त्याले, जा बाप्पा तू, सही कर अन् जा, अन् माह्यं वावर तेवढं पाह्य. दादा सही करून बसला अन् मंग माह्यं पत्र आलं. दादानं ते दुसऱ्या कैद्याकडून वाचून घेतलं अन् कडूबाले म्हणे, पाह्य, आता घरी गेल्यावर मायसाठी आलो म्हणून सांगता येईन. अन् घरी येऊन पाह्यते त माय तूर निवडत बसलेली.

म्हणजे त्याले वाटलं असीन का आता हे बी सांगता येत नाही. अन् मले वाटलं का तो माह्यावर रुसला. तेरा वर्सं आम्ही दोघं एका ताटात जेवलो.

म्या अंबूबाईले विचारलं, तू मले इतके दिवस काऊन नाही सांगतलं? म्हणे, “मेल्या माणसाची लाज मी काऊन उघडी करू? त्यानं माह्या लेकरायले पोसलं. तू आज येऊन बसला म्हणून सांगतलं.”

हलकं वाटते, अन् दादाचा राग बी येते. त्यानं सांगतलं असतं त मी बी सांगतलं असतं. अन् मंग वाटते, म्या आधी सांगतलं असतं त?

पोरींपुढं मी बोलीन. तू घेऊन ये. नाल्याले पाणी नाही.

शेषराव

ता. क. वहिनी म्हणते चाळीस पोरी म्हणजे पिठलं-भाकरीचं आमच्याकडं लागलं.

---

चिखली,
१७ ऑगस्ट १९७०

ती. काकांना नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. गाडीत जे झालं ते तुम्हाला कळवायचं म्हणून लगेच लिहिते.

तुम्ही दगडापाशी उभे राहून म्हणालात, “हा माह्या भाऊ. यानं गवत कापलं, मार खाल्ला, जेलात महिना काढला अन् माफी मागून घरी आला. मंग ज्यानं माफी मागतली नाही त्याचं वावर तेरा वर्सं वाह्यलं. हे सगळं एकाच माणसानं केलं.” त्यानंतर तुम्ही खाली बसलात. भाऊरावांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. मला वाटलं, मुलींना कळलं की नाही कोण जाणे.

गाडी उंद्रीच्या पुढे गेली आणि भांडण सुरू झालं. एक म्हणाली, माफी मागितली म्हणजे सगळं गेलं. दुसरी म्हणाली, तू आपल्या आईशिवाय मामाकडे चार दिवस राहत नाहीस. तिसरी म्हणाली, मी तर पहिल्याच दिवशी सही केली असती. चिखली येईपर्यंत चाललं होतं. मी मध्ये पडले नाही. शाळेच्या फाटकाशी उतरताना पुष्पा मला म्हणाली, “बाई, हे खरं वाटलं.” तिच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं.

एक राहिलं. पुष्पा सांगत होती, निघताना तिची आजी दगडाकडे बघून म्हणाली की एक नाव राहिलं. कुणाचं, ते विचारीपर्यंत कंडक्टरनं घंटी दिली. अंबूबाईंना विचाराल का? चूक माझी असेल तर ती माझ्या हयातीत दुरुस्त व्हावी.

गीताकाकूंच्या पिठल्याची चव मुलींच्या तोंडातून गेली नाही. चुलीपाशी त्या एकट्याच होत्या, त्यांना घेऊन माळावर यायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही.

तुमची,
प्रतिमा

---

वाघदरा,
२४ ऑगस्ट १९७०

चि. प्रतिमास अनेक आशीर्वाद.

चूक तुह्यी नाही. चूक माह्यी हाये, अन् आयकशील त हसशील.

तुह्यं पत्र आल्यावर अंबूबाईले विचारलं, कोणाचं नाव राह्यलं? म्हणे, “गीता कुठं हाये?” म्या म्हटलं, घरी हाये, दळण निवडून राह्यली. म्हणे, “दगडावर कुठं हाये म्हणते मी.” म्या म्हटलं, वहिनी गेलती? म्हणे, “माह्या डाव्या हाताले होती. तुह्या घरचं नाव, तू टाकशीलच असं वाटलं, म्हणून म्या सांगतलं नाही.”

घरी आलो. वहिनी सूप घेऊन बसली होती. म्या विचारलं, वहिनी, तू त्या दिवशी गवत कापाले गेलती? म्हणे, “गेलती ना.” म्हटलं, वटीत पोर असून? म्हणे, “म्हणून त मामंजीले सांगतलं नाही. अंबूच्या घरून तिचा इळा घेतला अन् मागच्या वाटेनं गेली.” म्या म्हटलं, चाळीस वर्सांत बोलली नाही? म्हणे, “तुमी दोघं भाऊ त्या दिवसाचं नाव निंघालं का उठून जात. मी कोणाले सांगू, भिंतीले?”

मंग बसलोच तिच्यापाशी. माह्यं पत्र, दादाची सही, सगळं सांगतलं. तिनं आयकून घेतलं. सहीचं तिले ठाव होतं. म्हणे, घरी आल्यावर चार महिने दरवाजा लावून झोपू शकत नव्हते, थंडीत बी उघडा ठेवा लागे, मले काय समजत नव्हतं? पत्राचं ठाव नव्हतं. मंग म्हणे, “लिहिलं त बरं केलं. मले बी ते घरीच पाह्यजे होते.”

पाथरवट अजून गावातच होता, भाऊरावच्या ओट्याचे दगड घडवत. त्याले घेऊन गेलो, अन् वहिनीले बैलगाडीत बसवून नेलं. पाथरवट म्हणे, खाली शेवटी जागा हाये, तिथं टाकतो. वहिनीनं विचारलं, यायचं नाव कुठं हाये? म्या तिचा हात धरून दादाच्या नावावर ठेवला. म्हणे, “मंग मी खाली काऊन? बांध आधी म्या चढला. हे मागून येऊन मले म्हणे, तू कुठं निंघाली? तवरोक माह्यी पह्यली मूठ कापून झाली होती.”

प्रतिमा, पह्यला इळा दादानं मारला हे म्याच तुले लिहिलं होतं. मी नाल्यात उभा, मले काय दिसत होतं? जयजयकार आयकला अन् वाटलं दादाचाच असीन. तुह्या वहीत लिहिलं असीन त ते दुरुस्त करून घे, अन् त्या पुष्पाले बी सांगजो.

पाथरवटानं दगड निरखला. दादाच्या नावाच्या वरतं, माथ्यावरच्या ओळीच्या खाली, दोन बोटं जागा होती. तिथं बारीक अक्षरात बसवलं. गीताबाई. आता येणारे-जाणारे विचारतात का बायकोचं नाव नवऱ्याच्या डोक्यावर काऊन, अन् हसतात. वहिनी म्हणते हसू द्या, हसता हसता विचारतीन त खरी.

दिवाळीच्या सुट्टीत ये. चार दिवस राह्य. वहिनीले अजून लय सांगाचं हाये, अन् मले आता आयकाचं हाये.

तुह्या काका,
शेषराव